इंजिन आत्यानं धुतलं

गाडीचं इंजिन पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊ नये, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि ते मीच धुतलं, हे कोल्हापूर, कोडोली आणि निपाणी एवढ्या टापूतल्या आमच्या सगळ्या पै-पाहुण्यांना ठाऊक आहे.

माझी राजारामपुरीच्या मागच्या अंगाला पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी काढली, ते गेल्यावर सव्वीस वर्षं मी चालवते. पट्टा घसरला, मी चढवते. दळणाचा दगड झिजून त्याला टाकी लावायची झाली, मी लावते. दर अमावास्येला गिरणी बंद ठेवायची, मोटर उघडायची, आतलं पीठ कोरड्या ब्रशनं झाडायचं, फडक्यानं पुसायचं आणि मगच बटण दाबायचं. सासरे म्हणायचे, "मोटर म्हंजे मांजर हाय बघ. लई लाड कर, पर पाणी दावू नको." हे वाक्य मी आयुष्यभर पाळलं. (त्यांची बाकीची वाक्यं पाळण्यासारखी नव्हती.)

आता आमचे हे. हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत तीस वर्षं होते. 'एमआयडीसीत होते' एवढं ऐकलं की लोकांना वाटतं, हा माणूस डोळे झाकून लेथ चालवत असणार. गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला की यांना बोलावणं येतं. हे जातात, मिक्सर उचलून हलवतात, कान लावतात, "आतनं गेलाय" असं सांगतात आणि चहा पिऊन परत येतात. खरी गोष्ट अशी, की हे टाइम ऑफिसात होते. कामगार आत कधी आला, बाहेर कधी गेला आणि उशीर झाला तर कार्डावर लाल शिक्का, एवढंच काम. तीस वर्षांत यांचा मशिनला हात लागला तो खंडेनवमीला हार घालताना!

पण हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याचा मान म्हणजे पत्र्याचं छप्पर. एक खिळा काढला की सगळंच खडखडायला लागतं.

आमची गाडी पांढरी, अकरा वर्षांची. ती उभी असते गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडात. गिरणीतलं उडालेलं पीठ फटीतनं बॉनेटखाली जातं, तिथं तेलाचे ओघळ त्याची वाटच बघत असतात. अकरा वर्षांत आत चांगली थालीपिठाची उंडी तयार झाली होती. गाडी तापली की भाकरी करपल्याचा वास. सिग्नलला शेजारचे मोटारसायकलवाले इकडंतिकडं हॉटेल शोधायचे! माणसांना हॉटेल सापडलं नाही, पण उंदरांना सापडलं. त्यांनी बॅटरीच्या मागं चिंध्या, कापूस, वाळलेलं गवत असं सगळं आणून बिऱ्हाड थाटलं.

शुक्रवारी गॅरेजवाल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि तो दोन पावलं मागं सरला.

"वहिनी, हे इंजिन हाय का पिठाचा डबा?"

"का ओ?"

"का काय! ह्ये गवत बघा. हायवेला गाडी तापली की पेट घेईल की हो. साफ करा आधी, मग कुठं जायचं तिकडं जावा."

आणि जायचं तर होतं. रविवारीच. माझ्या धाकट्या भावाच्या, सुरेशच्या मुलीचा साखरपुडा होता. सुरेश कोडोलीत असतो. पण त्याची अश्विनी कॉलेजची तीन वर्षं माझ्याकडं राहिलेली, मला आत्या आणि यांना मामा म्हणत. तिच्या परीक्षा, तिची तापं, तिचं रुसणं सगळं माझ्या गिरणीच्या आवाजात पार पडलं. मला मुलगी नाही. (मुलगा आहे, तो बंगळुरात आहे आणि फोनवर 'हां आई, बोल' एवढंच बोलतो.) तेव्हा ही आत्या म्हणजे नुसती पानसुपारीची आत्या नव्हती. निपाणीच्या पलीकडं मुलाकडच्यांच्या गावी कार्यक्रम, अकरा चाळीसचा मुहूर्त. आणि मुलाच्या बोटात घालायची अंगठी माझ्याकडं, कारण ती गुजरीतल्या सोनाराकडनं मीच करवून आणली होती. सुरेश म्हणाला होता, "आक्का, अंगठी तूच घेऊन ये. तुझ्या हातनंच अश्विनीच्या हातात दे."

शनिवारी सकाळी मी कामाला लागले. इंजिन गार आहे का हात लावून बघितलं. बॅटरीची काळी वायर पान्यानं सोडवली आणि बाजूला सारली. उंदरांचं बिऱ्हाड चिमट्यानं उचललं. पीठ आणि धूळ कोरड्या ब्रशनं झाडून काढली. मग जिथं जिथं वीज खेळते तिथं तिथं प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या: फ्यूजच्या पेटीवर एक, डायनामोवर एक, प्लगच्या टोप्यांवर एक, हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर एक. वर रबरबँड. दूध, साडीचं दुकान, बेकरी अशा सगळ्यांच्या पिशव्या होत्या. बॉनेटखाली बाजार भरल्यासारखं दिसत होतं. मग जिथं उंडी होती तेवढ्याच जागी साबणाचं पाणी टूथब्रशनं लावलं, ओल्या फडक्यानं पुसलं, कोरड्या फडक्यानं परत पुसलं. दोन तास. इंजिन चकचकीत नाही झालं, पण माणसात आलं.

हे मागं हाताची घडी घालून उभे होते. मधनंमधनं "हां, तिथं. तिथं र्‍हायलंय" म्हणत होते. यांचं लक्ष असतं, हे मान्य करायला पाहिजे.

शनिवार म्हणजे गिरणीला गर्दीचा दिवस. अकराला बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

"अहो, मी गिरणीत जातो. बॉनेट उघडंच असू दे, वाळू दे. संध्याकाळी पिशव्या काढून वायर जोडतो मी. तुम्ही हात लावू नका."

(आम्ही कोल्हापूरच्या बायका 'जाते, येते' म्हणत नाही. आम्ही 'जातो, येतो'. बाहेरच्यांना वाटतं, इथल्या बायका फार जोरकस. बोलायला आहोतच.)

"न्हाय लावत की," हे म्हणाले.

चार वाजता डबे सरले. परसात आले तर कपड्याच्या दोरीवर काहीतरी वाऱ्यानं फडफडत होतं. जवळ जाऊन बघितलं. माझ्या पिशव्या! दुधाची, साडीची, बेकरीची, ओळीनं, चिमटे लावून, स्वच्छ धुऊन वाळत घातलेल्या.

मी तशीच शेडात पळाले. शेडात गुडघाभर नसलं तरी घोट्याएवढं पाणी. शेजारचे बाबूराव हातात पिवळी नळी धरून उभे. त्यांनी ऑनलाइन मागवलेला फवाऱ्याचा पंप, ज्यानं ते आठवडाभर दिसेल ते धुवत सुटले होते. गच्ची झाली, फाटक झालं, शेजाऱ्यांचं कुत्रं झालं. आणि आमचे हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कमरेवर हात ठेवून, तीर्थावर आल्यासारखे प्रसन्न.

"काय केलंसा ह्ये?"

"धुतलं की! तू नुसतं पुसलंवतंस. पुसणं म्हंजे काय धुणं हाय व्हय?"

"पिशव्या का काढल्यासा?"

यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं टाइम ऑफिसच्या खिडकीतनं नव्या कामगाराकडं बघत असतील.

"अगं, पिशव्या काढल्याबिगर आतलं कसं धुणार?"



बाबूराव नळी गुंडाळत म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. सायबांनी आधी वायर जोडून, गाडी चालू करून, इंजिन गरम करून घेतलं. गरम असलं की मळ लवकर सुटतो म्हणाले. कढईचं तसंच असतंय न्हवं?"

म्हणजे एकही गोष्ट सोडली नव्हती! गार इंजिन गरम केलं, काढलेली वायर जोडली, झाकलेलं उघडलं आणि मग फवारा मारला. माझं सगळं काम यांनी एकेक करून उलटं केलं होतं. इतकं नीटनेटकं चुकायलासुद्धा शिस्त लागते. तीस वर्षं टाइम ऑफिस उगीच नाही.

"चालू करून बघा," मी म्हणाले.

यांनी चावी फिरवली. गाडी खोकली, शिंकली, एक आचका दिला आणि चालू झाली!

"बघ!" हे खिडकीतनं बाहेर आले अर्धे. "बघ, बघ! उगं घाबरवत असतीस."

मी फडकी आणली, पुसून घेतलं जेवढं हात पोचतील तेवढं. घरातला टेबलफॅन आणून बॉनेटसमोर लावला. हे हसले. बाबूराव हसले. मी म्हणाले, "उद्या आपण एसटीनं जाऊया."

"एसटीनं?" हे गंभीर झाले. "पोरीची आत्या एसटीनं उतरणार? घरची गाडी असताना? माझी काय अब्रू र्‍हाईल तिथं?"

अब्रू यांची होती, त्यामुळं आम्ही गाडीनं निघालो.

रविवारी साडेनऊला. मी मोरपंखी इरकल नेसलेली, मांडीवर ओटीचं ताट, पर्समध्ये अंगठीची डबी. गाडी कोल्हापुरातनं बाहेर पडेपर्यंत लंगडत होती, पण पडली बाहेर. "तीनवर चाललीय," मी म्हणाले. (चारातलं एक सिलिंडर काम करत नसलं की मिस्त्री असं म्हणतात.)

"तुला काय कळतंय त्यातलं?" हे म्हणाले. "नवीन धुतल्यावर असंच वाटतंय."

गोकुळ शिरगाव सुटलं आणि हॉर्न वाजायला लागला. आपोआप! हे हात वर करून बसलेत, तरी हॉर्न वाजतोय. फ्यूजच्या पेटीत पाणी, दुसरं काय. पुढचा ट्रक बाजूला झाला, मग दुसरा झाला, मोटारसायकली कडेच्या मातीत उतरल्या. आमदाराच्या गाडीला मिळणार नाही असा रस्ता आम्हाला मिळाला. मग वायपर सुरू झाले. लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर, कर्र कर्र करत. शेजारनं जाणाऱ्या जीपवाल्यानं काच खाली करून विचारलं, "पावणं, कुणाला एवढं बोलवालाय?"

आणि कागलच्या एमआयडीसीच्या फाट्यावर, बरोबर जिथं यांनी तीस वर्षं बस पकडली तिथं, गाडीनं शेवटचा आचका दिला आणि बसली. इंजिन बंद. हॉर्न चालूच!

हे स्टिअरिंगवर बुक्क्या मारायला लागले. मी खाली उतरले, पदर खोचला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची काळी वायर उपसली. यांनी ती नुसत्या हातानं अडकवली होती, अलगद आली. हॉर्न थांबला. सगळ्या फाट्यावर शांतता पसरली, आणि त्या शांततेत आवाज आला:

"आरं, टाइम ऑफिस सायेब!"

फाउंड्रीतले तिघं जुने कामगार, मोटारसायकलीवरनं कामावर चाललेले. ते थांबले, उतरले. तिघांनी मिळून बॉनेटमध्ये डोकी घातली.

"सायेब, तीस वर्षं आमच्या कार्डावर लाल शिक्का मारलासा. आज तुमचाच लेट मार्क व्हय!" एकजण म्हणाला. बाकीचे दोघं रस्त्यावर बसून हसले. यांनीपण हसण्याचा प्रयत्न केला; तो गाडीसारखाच तीनवर चालला.

त्यांनीच फाट्यावरचा मिस्त्री आणला. मिस्त्रीनं प्लगची एक टोपी उपसली, आत बोट घातलं, आणि बोट वर करून आम्हाला दाखवलं. बोटावरनं पाणी टपकत होतं.

"रंकाळा हाय की आत. कुणी धुतलं ह्ये?"

"धुतलं गेलं जरा," हे म्हणाले.

व्याकरण मी सातवीपर्यंत शिकले, पण कर्मणी प्रयोगाचा एवढा चांगला उपयोग मला तेव्हा कळला.

"वाळवायला पायजे सगळं. दोन-तीन तास तरी सोडा," मिस्त्री म्हणाला.

तेवढ्यात सुरेशचा फोन. मी पर्समधनं काढेपर्यंत यांनी घेतला.

"हां सुरेशराव, आलोच. न्हाय न्हाय, कागल कवाच मागं टाकलं." कागलची पाटी यांच्या डोक्यावर होती! "निपाणीत शिरालोय. धा मिन्टात."

"असं का सांगितलंसा? त्यांना अंगठी दुसरी बघता आली असती!"

"उगं काळजी लावायची काय लोकांना?" हे म्हणाले.

दहा मिनिटांची चाळीस झाली. रिकामं वाहन थांबेना, भरलेलं घेईना. शेवटी सरकी पेंडीची पोती घेऊन निपाणीकडं चाललेला एक टेम्पो थांबला. "बसा की पावणं," ड्रायव्हर म्हणाला. त्या केबिनमध्ये ड्रायव्हर, हे, मी, ओटीचं ताट आणि एक फुटलेलं पोतं असे पाचजण बसून निघालो. फोन तीनदा वाजला. यांनी तीनदा "पोचलोच" म्हटलं. तिकडं काय चाललंय हे मला नंतर कळलं: मुहूर्ताला सगळे अक्षता हातात धरून उभे. गुरुजी घड्याळ बघतायत. सुरेश म्हणतोय, थांबा, माझी बहीण वेशीत आली. पंधरा मिनिटं उभे. वीस मिनिटं उभे. शेवटी मुलाच्या काकांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून दिली. काका पैलवान गडी, अंगठी बांगडीएवढी! तिला दोरा गुंडाळला तरी मुलाच्या बोटातनं घसरायला लागली. म्हणून त्या साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत आमचे जावई मूठ आवळून उभे आहेत. चेहरा हसरा, मूठ आवळलेली. बघणाऱ्याला कळत नाही, लग्न ठरलंय का भांडण.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची पंगत चालू होती. मी टेम्पोतनं उतरले. इरकलीवर पेंडीचा भुगा, अंगाला सरकीचा वास, हातात ताट. मुलाची आजी, त्यांना सगळे अव्वा म्हणतात, दारातच होती. "बर्री, बर्री, या," म्हणाली आणि मग बारकाईनं मला वरनं खाली बघितलं.

अश्विनी समोर आली. मी डबी पुढं केली. तिनं ती घेतली नाही लगेच. डोळे भरलेले, काजळ पसरलेलं.

"आत्या," ती एवढंच म्हणाली, "तू असतीस तर..." आणि आत गेली.

मागनं सुरेश आला. त्याचं तोंड लाल. वीस मिनिटं व्याह्यांसमोर खोटा पडलेला माणूस तो.

"दाजी, धा मिन्टं म्हणत हुतासा न्हवं? दीड तास झाला! काय झालं काय गाडीला?"

"पाणी गेलं," हे म्हणाले.

"पाणी? पावसाळा न्हाय, काय न्हाय, पाणी कुठनं गेलं?"

"धुतलं गेल्तं इंजिन."

"कुणी? कुणाचं डोकं फिरलंतं, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी इंजिन धुवायचं?" सुरेश आता सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा बोलत होता. पंगतीतली वरणात बुडालेली बोटं थांबली. मुलाचे काका, वडील, अव्वा, गुरुजी, सगळे आमच्याकडं बघत होते. "कुणी धुतलं, दाजी?"

यांनी मान खाली घातली. चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी या माणसाला ओळखते. एकदा सुरेशच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत यांचं नाव दुसऱ्या ओळीत छापलं, तर चार वर्षं यांनी कोडोलीचं पाणी घेतलं नाही. आणि ती चार वर्षं मी एकटी, राखीच्या दिवशी दोन तासांची पाहुणी म्हणून जात होते. आज चाळीस माणसांत या माणसाचं तोंड काळं झालं असतं तर माझं माहेर तुटलं असतं. कायमचं.

"मी," मी म्हणाले. "मी धुतलं सुरेश. माझीच चूक झाली."

मला वाटलं, आता हे बोलतील. यांच्यासाठी मी एवढं केलं, आता हे 'नाही हो, तिचं काही नाही' असं म्हणतील. यांनी मान वर केली. एक श्वास घेतला. आणि म्हणाले,

"मी नकोच म्हणत हुतो."

बास! दार उघडलं. मांडवातल्या एकूण एक पुरुषाला इंजिनाबद्दल काही ना काही सांगायचं होतं. पैलवान काका हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "ताई, गिरणी येगळी, इंजिन येगळं. बायकांनी त्यात हात घालू न्हाय." मुलाच्या वडिलांनी इंजिन कसं धुवायचं ते समजावून सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं धुतलं असतं तर हॉर्नबरोबर लाइटही लागले असते. हे शेजारी उभं राहून मान डोलावत होते. "सांगितलंतं मी," म्हणत होते. एकट्या अव्वानं मला जवळ बसवून घेतलं, पाठीवरचा भुगा झाडला आणि म्हणाली, "जाऊ दे गं तंगी. ऊटा कर, जेव आधी." (तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.) मी जेवले. काय वाढलं होतं ते आजही आठवत नाही.

येताना कागलला गाडी चालू झाली होती. गोकुळ शिरगाव आलं तसं हे समोर रस्त्याकडं बघत म्हणाले, "तू बोललीस ते बरं झालं."

तेवढंच. एकदाच. मला त्या वेळी ते पुष्कळ वाटलं, हे आता सांगायला लाज वाटते.

पंधरा दिवसांत हे त्या गोष्टीत रमले. पहिल्यांदा "मी नको म्हणत होतो" एवढंच होतं. मग "मी हात धरून ओढत होतो" झालं. मग "मी बाबूरावांचा पंप लपवून ठेवला होता" इथवर पोचलं. बाबूराव समोर बसले असताना! आणि बाबूराव म्हणाले, "व्हय, लपवलावता की." लग्नाला सुरेशनं मला तीन दिवस आधी एसटीनं बोलावून घेतलं, "गाडीपासनं लांब र्‍हा, आक्का," म्हणाला. हे लग्नाच्या दिवशी गाडीनं आले. मांडवात शिरताना लोकांनी विचारलं, "इंजिन कोरडं हाय न्हवं?" आणि सगळे माझ्याकडं बघून हसले. मीपण हसले. काय करणार, आत्याला रडायची परवानगी फक्त पाठवणीच्या वेळी असते.

पहिल्या दिवाळीला अश्विनी आली. स्वयंपाकघरात दोघीच होतो, चकल्या पाडत होतो. मला वाटलं, जगाला नको, हिला तरी खरं सांगावं.

"अश्विनी, ते इंजिन मी न्हवतं धुतलं गं."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. किती मायेनं!

"आत्या, सोड की आता ते. मामांनी तर तुला कधीच माफ केलंय."

चकली तुटली. मी परत पाडली.

परवा जावयांचा फोन आला. महांतेश नाव, लाघवी पोरगा. नवी गाडी घेतलीय, आणि ती लावतात घराशेजारच्या मिरचीच्या गोदामाजवळ. बॉनेटखाली धूळ आणि उंदरांचा वावर सुरू झालाय.

"आत्या, इंजिन साफ करायचं हाय. मामांना विचारून सांगा की, काय काय काळजी घ्यायची. त्यांना सगळं म्हाईत हाय म्हणे."

"थांबा हं. विचारून सांगतो," मी म्हणाले.

मी गिरणीत होते. हे घरात पेपर वाचत होते. मी फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि चाळणीतला कोंडा झाडला. माणूस आत जाऊन, विचारून, परत यायला जेवढा वेळ लागेल तेवढा जाऊ दिला. मग फोन उचलला.

"मामा म्हणतात, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मामा म्हणतात, आधी बॅटरीची काळी वायर काढा. वीज जिथं जिथं हाय तिथं पिशव्या बांधा, आणि शेवटपर्यंत काढू नका. मामा म्हणतात, कोरडा ब्रश, ओलं फडकं, फवारा अजिबात न्हाय. वायर जोडायच्या आधी सगळं खडखडीत वाळू द्या."

"वा!" जावई म्हणाले. "मामा म्हंजे मामाच. त्यांना थँक्यू सांगा बरं का आत्या."

गिरणी बंद करून मी घरात गेले आणि जावयांचं थँक्यू सांगितलं. यांनी पेपर खाली केला, चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "त्यात काय एवढं!"

आणि मी, सव्वीस वर्षं मोटर उघडून बसवणारी बाई, म्हणाले, "न्हाय कसं? तुम्ही हुता म्हणून."